व्हिडिओतला कट कुठं बसलाय ते बघा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय. म्हणजे बाबांच्या फोनवर पंचगंगेच्या पुराचे व्हिडिओ आणि आईच्या टीव्हीवर भांडणं, दोन्हींना ऊत येणार. दोन्हीकडं कापून-जोडून गंडवायची रीत एकच, म्हणून एकाच पत्रात लिहिते.

आई, आधी तुझं. ‘बिग बॉस मराठी’च्या घरात कॅमेरे दिवसरात्र चालतात आणि तुझ्यापर्यंत पोचतो जेमतेम तासाभराचा ऐवज. भांडण रंगात आलं की कोपऱ्यातली एकजण डोळे फिरवताना दिसते ना? ते डोळे तिनं सकाळी चहा बिनसाखरेचा मिळाला म्हणूनही फिरवलेले असतील. याला रिअॅक्शन शॉट म्हणतात, आणि तो कुठलाही कुठंही चिकटवता येतो. त्याहून बेरकी प्रकार वाक्याचा. ‘मला ती आवडत नाही असं नाही’ यातलं शेवटचं ‘असं नाही’ उडवलं की आठवडाभराचं भांडण तयार. वाक्य अर्ध्यात असताना बोलणाऱ्याचं तोंड पडद्यावरून जाऊन दुसराच चेहरा आला आणि आवाज तसाच चालू राहिला, तर तिथं जोड असू शकते. आवाजाची पट्टीही बदलली तर संशय दुप्पट धर. प्रोमो बघून तर कुणाला नावं ठेवूच नको.

2024 च्या सीझनमध्ये आपल्या इचलकरंजीचे धनंजय पोवार होते आणि जिंकला रील्समधून वर आलेला सूरज चव्हाण. फोनवरचा माणूस टीव्हीत गेला याचं मला कौतुकच आहे. पण टीव्हीची कापाकापी फोनवर आली, ती महागात पडते. 2018 साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. मूळ व्हिडिओ कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला. त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात. नेमका तेवढाच भाग छाटला होता. मुलं पळवल्याच्या अफवांच्या त्याच लाटेत 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांचा जीव घेतला.

याच्या उलट 2020 चं अमेरिकेतलं मिनियापोलिस. पोलिसानं मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळं जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पोलिसांनी आधी काढलेल्या निवेदनात प्रकृती बिघडल्याची भाषा होती. रस्त्यावरच्या 17 वर्षांच्या मुलीनं सलग चित्रित केलेल्या व्हिडिओनं ती खोटी पाडली. सलग होता म्हणूनच त्यात फाटे फोडायला जागा उरली नाही.

बाबा, आता तुमचं. पुराचा व्हिडिओ आला की पहिल्यांदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची त्या तासाची पातळी बघायची. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. आज बंधाऱ्यावर 34 फूट आणि व्हिडिओत शिरोलीजवळ महामार्ग बुडालेला, तर तो व्हिडिओ जुना. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ हा तर दरवर्षीचा बॉम्ब. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. एकातून साधारण 1428 क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी येतं आणि असे सात आहेत. त्यामुळं किती उघडले, हा आकडा नसलेला मेसेज पुढं पाठवायच्या लायकीचा नाही. व्हॉट्सअॅपच्या मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर बहुतेक वेळा मूळ सापडतो. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही वाचा. बहुतेक गाड्यांवर केए (कर्नाटक) किंवा केएल (केरळ) दिसलं आणि खाली ‘कोल्हापूर’ लिहिलं असेल, तर काय समजायचं ते समजा.

स्वतः काढायचा झाला तर फोन आडवा धरा. आधी दहा सेकंद लांबून, ओळखू येईल अशी पाटी किंवा पूल घेऊन. तारीख, वेळ, ठिकाण तोंडानं सांगा आणि मग न थांबवता जवळ जा. गाणं लावू नका, झूम करत सुटू नका. अपघात असेल तर आधी 108, व्हिडिओ नंतर, आणि जखमींचे किंवा मुलांचे चेहरे नकोतच. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की व्हिडिओ दाबला जातो आणि फाइलमधली मूळ माहितीही निघून जाते. म्हणून पुरावा म्हणून द्यायचा असेल तर पेपरक्लिपच्या खुणेवर दाबून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. महापालिकेला खड्ड्याचा व्हिडिओ पाठवतानाही हेच.

आणखी एक. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त मीडिया ऑटो-डाउनलोड आहे, तिथं व्हिडिओवरची टिक तिन्ही ठिकाणी काढा. फोन सारखा भरतोय तो त्यामुळंच. जमलं नाही तर रविवारी फोनवर सांगते.

तुमची,
लेक