ती पोपटपंची नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑटिझमवरचा लेख वाचला. चांगल्या मनाने लिहिलाय त्याबद्दल वाद नाही, पण हेडिंगमध्ये ‘स्वतःच्याच विश्वात रमलेली मुलं’ आणि आत प्रत्येक पॅराग्राफला ‘स्वमग्न’, मग राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि स्वतःत मग्न वगैरे तो अजिबात नसतो, उलट घरात कुणाचा सूर जरा बदलला तरी सगळ्यात आधी त्याला कळतं आणि तो कान दाबून धरतो. आता ऑटिझम या शब्दातसुद्धा ग्रीकमधला ‘स्वतः’ आहेच म्हणा, पण ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने तो १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबद्दल वापरला होता, म्हणजे मुळात दुसऱ्याच्या मापाचा कपडा आमच्या पोरांना घातला आणि मराठीत येताना तो आणखी घट्ट झाला.

आमच्या घरातलं एक वाक्य सांगतो. ‘कृपया दरवाजा बंद करा.’ लिफ्टमधली बाई म्हणते ना तेच, तिच्याच आवाजात, तिच्याच चालीत. चार-पाच वर्षांचा होता तेव्हापासून हे सुरू झालं, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना म्हणणार, घरी पाहुणे आले की म्हणणार, मिक्सर लावला की म्हणणार. दार बंदच असायचं बरं का. तेव्हा ज्या थेरपिस्टकडे जायचो त्यांनी एक चार्ट दिला, पोपटपंची केली की फुली मारायची आणि अजिबात लक्ष द्यायचं नाही, आपोआप सुटेल. सहा महिने आम्ही इमानदारीत फुल्या मारल्या. वाक्य काही सुटलं नाही, फक्त आधी तो हळू म्हणायचा ते ओरडून म्हणायला लागला आणि मग हाताला चावायला लागला.

उलगडा झाला तो बायकोला, तोही कपड्यांच्या घड्या घालता घालता. तो तीन वर्षांचा असताना एका गर्दीच्या दुकानात प्रचंड घाबरला होता, मी त्याला उचलून लिफ्टमध्ये शिरलो, दार लागलं आणि सगळा गोंगाट एकदम बंद झाला, आणि त्याच क्षणी ती बाई बोलत होती. म्हणजे पोरगं इतकी वर्षं आम्हाला स्वच्छ सांगत होतं की मला इथून बाहेर काढा, आणि आम्ही फुल्या मारत होतो!

आणि हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं आणि ऑटिझमची वेगळी ओळख पटली, त्यातला एक मुलगा क्लिनिकमध्ये मध्येच म्हणायचा, ‘कुत्र्याला बाल्कनीतून टाकू नकोस’. तिथे ना कुत्रा ना बाल्कनी. पुढे कळलं की तीन वर्षांपूर्वी तो हॉटेलच्या बाल्कनीतून खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकायचा तेव्हा आई वैतागून तसं बोलली होती, आणि तेव्हापासून काहीही फेकायची हुक्की आली की तो तेच वाक्य म्हणून स्वतःला आवरायचा. कॅनरनी हे १९४६ मध्ये सविस्तर मांडलंय. पुढे १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट हे अमेरिकन वाचा-भाषातज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आधी कधीतरी ऐकून मागाहून म्हटलेल्या वाक्यांचे तब्बल १४ उपयोग वेगळे काढले, मागणं, नकार देणं, स्वतःला धीर देणं, काय काय. इतकं सगळं होऊनही २०१० नंतर आमच्या हातात तो चार्ट आला, कमाल आहे.

आणखी एक, तुमच्या लेखात ‘आईने जास्त वेळ द्यावा’ असं एक वाक्य सहज येऊन गेलंय. सहज म्हणूनच ते लागतं. थंड स्वभावाच्या आयांमुळे ऑटिझम होतो असं एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी (ते स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील) १९६४ मध्ये ते खोडून काढलं, १९७७ च्या जुळ्यांवरच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा भाग दाखवला, तरी अजून लोक माझ्या बायकोलाच विचारतात की प्रेग्नन्सीत टेन्शन होतं का, मोबाईल फार दिला का. मला आजवर एकाने विचारलेलं नाही.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ २०१२ मध्ये म्हणाले की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही हे एकतर्फी बोलणं झालं, दुसऱ्यालाही त्याचं कळत नाहीच की. मला तर हे वाचून तो फुल्यांचा चार्टच आठवला.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी लेख कराल तेव्हा एखाद्या मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसाला पण विचारा, बोलून जमत नसेल तर टाइप करून घ्या, वेळ लागेल पण थांबा. आम्हीही आता थांबतो. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे, तोच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दात विचारायचा नाही, बघ माझ्याकडे असं तर मुळीच म्हणायचं नाही कारण डोळ्यात बघायला लावलं की त्याचं ऐकणंच बंद होतं. थेरपिस्टही बदलल्या. नवीन बाईंनी त्याला चित्रांची कार्डं दिली, त्यात दाराचं पण आहे. कार्ड दिलं तर बोलणं थांबेल ही आम्हाला भीती होती, तसं काही झालं नाही.

परवा घरी बरीच मंडळी जमली होती, सगळे एकदम बोलत होते, आणि लिफ्टवाल्या बाईच्या आवाजात ते वाक्य आलं. दोघंतिघं हसले. माझी सहा वर्षांची भाची उठली, त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीपर्यंत गेली, तो आत गेल्यावर बाहेरून दार लावलं आणि परत येऊन खेळायला बसली.

आपला,
एक वाचक आणि बाबा