लसणाचं श्रेय ज्यांचं, त्या काकूंना

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय. यंदाचा लसूण बघून लोक माझं कौतुक करतात, आणि ते फुकटचं घेणं मला जड जातंय.

लागवडीचं फार सांगत नाही, ते कुणीही सांगतं. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या जाड कुड्या निवडायच्या, टोक वर आणि बूड खाली ठेवून दीड-दोन इंच खोल टोकायच्या, मध्ये चार ते सहा इंच अंतर. पण थंडीचं कारण मला तुमच्याकडून कळलं. रोप लहान असताना पुरेशी थंडी मिळाली नाही तर गड्ड्यात कुड्या पडतच नाहीत, कांद्यासारखा नुसता एक गोल गड्डा तयार होतो. म्हणून तर वाफा रिकामा दिसला की तुम्ही कुंपणावरून हाक मारायचात! खुरपणीसाठीही तुमचाच तगादा असायचा. लसणाची पात अरुंद, तिची सावली पडत नाही, त्यामुळे तण बिनधास्त वाढतं आणि लसूण मागे पडतो.

खरे आभार मात्र शेवटच्या महिन्याचे. काढणी कधी करायची, असं विचारल्यावर तुम्ही तारीख सांगितली नाहीत. वाफ्याशी बसलात, एका रोपाच्या मानेजवळची माती बोटानं सारलीत आणि खालची वाळकी पात धरून म्हणालात, "ही गेली, म्हणजे गड्ड्यावरचा एक पदर गेला." लसणाची प्रत्येक पात खाली जाऊन गड्ड्याला एकेक वेढा घालते, हे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. वरून हिरव्या पाती मोजा, तेवढी शाबूत आवरणं आत आहेत. चार ते सहा हिरव्या पाती उरल्या की काढायचा. सगळी पात वाळायची वाट बघत बसलं तर आवरणं मातीतच कुजतात, गड्डा उकलतो आणि असा लसूण टिकत नाही. फार लवकर काढला तर कुड्या भरलेल्याच नसतात. एवढं सांगूनही तुमचं समाधान झालं नाही, एक गड्डा उपटून आडवा कापलात. कुड्या सालीला तट्ट भिडलेल्या होत्या. "आता पाणी तोड," म्हणालात. आठ-पंधरा दिवस कोरड्या वाफ्याकडे बघताना जीव वरखाली होत होता, पण माती सुटी झाली आणि गड्डे स्वच्छ निघाले.

काढताना तुमची करडी नजर होती. पात धरून ओढायचं नाही, बाजूनं खुरपं घालून खालून उचलायचं. माती झटकायला गड्डे एकमेकांवर आपटायचे नाहीत. "अंडं धरल्यासारखा धर," हे तुम्ही किती वेळा म्हणालात! ताज्या गड्ड्याला लागलेला मार त्या दिवशी दिसत नाही, सडायला लागल्यावर दिसतो. धुवायचा नाही, पात कापायची नाही, कडक उन्हात पसरायचा नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी लहान-लहान जुड्या टांगायच्या आणि तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. हवा दमट असेल तर आणखी थांबायचं, पंखा लावायचा. मला हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटला, खोटं कशाला बोलू. पण सुकला की नाही हे मानेवरून ओळखायची तुमची रीत अगदी चोख: मान कापल्यावर आत हिरवट, ओलसर काही दिसलं तर पुन्हा टांगा. बाहेरची साल कागदासारखी वाजायला लागली आणि मुळं कडक झाली की मगच मुळं छाटायची, मानेचा इंचभर दांडा ठेवून पात उडवायची.

फ्रिजमध्ये ठेवू नको, हे तुम्ही दटावून सांगितलंत तेव्हा नवल वाटलं होतं. आता कळतं, त्या थंडीनं कुड्यांना कोंब फुटतात. कोरड्या, हवेशीर जागी टांगलेला माझा लसूण अजून टणक आहे.

पातीसकट विणलेल्या लसणाच्या वेण्यांच्या बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. तुमच्या वेण्या सुरेख दिसतात, पण मधला एखादा गड्डा सडला तर तो शोधायचा कसा? मी आपली जाळीच्या पिशवीत भरते.

सगळ्यात मोठे गड्डे बियाण्यासाठी वेगळे काढलेत. त्यातले निम्मे तुमचे, येत्या रविवारी घेऊन येते. लावायच्या दिवसापर्यंत फोडायचे नाहीत, हे तुम्हाला सांगायला नकोच. आणि पुढच्या वेळी वाफा बदलायचा आहे, एकाच जागी कांदा-लसूण पुन्हा नको असं तुम्हीच म्हणता. कुठला वाफा घेऊ, ते तेव्हा येऊन दाखवा.

तुमचीच,
कुंपणापलीकडची