तक्रार पत्र: आल्प्समधील माउंटन बाइक सहलीचा बदललेला कार्यक्रम

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
परदेश सहल विभाग, पुणे

विषय: मॉर्झिन (फ्रान्स) माउंटन बाइक सहलीत परस्पर केलेले बदल रद्द करणे किंवा आगाऊ रक्कम पूर्ण परत करणे

महोदय/महोदया,

आम्ही आठ जणांनी आपल्याकडे या सहलीची नोंदणी करून निम्मी रक्कम भरली आहे. जुलैचा पहिला पंधरवडा, पोर्त द्यू सोलेई या डोंगरी भागाचा पूर्ण लिफ्ट पास (सायकलीसह डोंगरावर नेणाऱ्या केबल कार आणि खुर्च्यांचा पास), पुढे-मागे धक्के शोषणारी (फुल सस्पेन्शन) एंड्युरो म्हणजे तीव्र डोंगरउतारासाठीची सायकल आणि सायकलिंगचा समावेश असलेला विमा, असे आपल्या माहितीपत्रकात छापले होते. नुकत्याच आलेल्या अंतिम कार्यक्रमात या चारही गोष्टी बदलल्या आहेत. फोन केला तेव्हा ‘गाव तेच, हॉटेल तेच, मग फरक काय पडतो?’ असे उत्तर मिळाले, आणि नोंदणी रद्द केल्यास आगाऊ रकमेतील निम्मी कापली जाईल असेही सांगण्यात आले. फरक काय पडतो ते सविस्तर लिहीत आहोत.

आधी तारखा. जुलैची सहल आपण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढकलली आहे. पोर्त द्यू सोलेई म्हणजे फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरची बारा गावे (मॉर्झिन त्यातले एक) आणि त्यांना जोडणाऱ्या लिफ्ट. उन्हाळी हंगाम जून अखेरीस भरात येतो आणि सप्टेंबर लागला की एकेका गावातल्या लिफ्ट बंद होऊ लागतात. काही नुसत्या शनिवार-रविवारी चालतात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी असते आणि दर वर्षी बदलते, म्हणून ती त्या वर्षीच्या वेळापत्रकावरूनच पाहावी लागते. सप्टेंबर अखेरीस हॉटेल स्वस्त मिळते याचे कारणच हे आहे. लिफ्ट बंद असताना मॉर्झिनला जाऊन डोंगर खालून पाहता येईल, सायकल चालवता येणार नाही.

कार्यक्रमातल्या तिसऱ्या दिवशी ‘मॉर्झिन ते शॉम्पेरी सायकलने 2 तास, दुपारी 2 वाजता जेवण, 4.30 पर्यंत खरेदी, सायकलने परत’ असे लिहिले आहे. शॉम्पेरी हे सीमेपलीकडचे स्विस गाव, आणि हा वेळ नकाशावरचे सरळ अंतर मोजून लिहिला असावा. मॉर्झिन सुमारे 1000 मीटरवर आहे आणि लिफ्टच्या मार्गावरची मधली धार 2100 मीटरच्या वर. त्या मार्गाने लिफ्टशिवाय नुसती चढाईच 1100 मीटरहून जास्त होते. लिफ्टने जायचे तर सुपर मॉर्झिन, मग झोरची खुर्ची-लिफ्ट, तिथून अव्होरियाझ, खाली लँदारेला उतरून मोसेतची लिफ्ट, पलीकडे ले क्रोझे आणि मग शॉम्पेरी असा रस्ता आहे. परत येताना शॉम्पेरीहून केबल कारने प्लानाशो, पुन्हा ले क्रोझे, पुन्हा मोसेत, लँदारे, अव्होरियाझ. या साखळीतली एक लिफ्ट जरी बंद झाली तरी माणूस दुसऱ्या देशात अडकतो, आणि रस्त्याने मॉर्झिनला यायचे तर मॉर्जँ खिंडीवरून मोठा वळसा घालून रात्री टॅक्सी करावी लागते. शेवटच्या लिफ्टची वेळ ठिकाणानुसार संध्याकाळी साडेचार-पाचच्या आसपास असते. शॉम्पेरीहून फार तर तीनला निघायलाच हवे, आणि आपण आम्हाला साडेचारपर्यंत दुकानांत फिरवत आहात. शिवाय आता देऊ केलेला पास फक्त मॉर्झिन आणि ले जे या दोन गावांपुरता आहे. त्या पासावर हा रस्ता चालतच नाही, म्हणजे आपला कार्यक्रम आणि आपला पास यांचाच एकमेकांशी मेळ नाही.

सायकलीबद्दल आमची तक्रार सर्वांत कडक आहे. एंड्युरोच्या जागी ‘21 गिअर माउंटन सायकल, पुढे 100 मि.मी. सस्पेन्शन, मागे सस्पेन्शन नाही, 160 मि.मी. डिस्क’ असे आता लिहून आले आहे. मॉर्झिनच्या प्लेने लिफ्टवरून खाली येण्यात उंचीतला फरक सुमारे 500 मीटर पडतो. सिंहगडाच्या माथ्यावरून पायथ्याशी येण्याहून थोडा कमी, आणि लिफ्ट असल्यामुळे तोच उतार दिवसातून सात-आठ वेळा होतो. एवढ्या उतारावर 160 मि.मी.चा रोटर (ब्रेकची चकती) तापतो, त्याला दाबणाऱ्या ऑरगॅनिक (बिनधातूच्या) पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, पकड जाते. आणखी तापले तर ब्रेकमधले तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग लिव्हर हँडलबारला टेकते तरी सायकल थांबत नाही. म्हणून तिथल्या दुकानांतल्या उताराच्या सायकलींना पुढे-मागे 200 किंवा 203 मि.मी. रोटर, चार पिस्टनचे कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आणि सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड असतात. पॅड तीन-चार दिवसांत संपू शकतात. पाऊस आणि चिखल असेल तर त्याहूनही लवकर. प्रत्येक सायकलमागे पॅडची एक जादा जोडी हवी, तिचा उल्लेख आपल्या यादीत कुठेच नाही.

टायरचेही तसेच. 2.1 इंची पातळ टायर कमी हवेवर दगडाला आपटला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि एकदम दोन भोके पडतात. ते टाळायला हवा 40 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) भरली की ओल्या मुळांवर चाक घसरते. त्यामुळे 2.4 ते 2.5 इंची, जाड केसिंगचा (आवरणाचा) ट्यूबलेस टायर, आत सुमारे 100 मिलि सीलंट (भोके बुजवणारा द्रव) आणि वजनाप्रमाणे 22 ते 28 पीएसआय हवा, एवढे किमान हवे. सस्पेन्शन 160 ते 170 मि.मी. आणि चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावलेले हवे. उदाहरणार्थ, मागच्या शॉकचा (धक्के शोषणाऱ्या नळीचा) स्ट्रोक, म्हणजे दबण्याची कमाल लांबी, 65 मि.मी. असेल तर हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, पाठपिशवी घालून बसल्यावर तो 18 ते 20 मि.मी. दबला पाहिजे, शॉकवरच्या रबरी रिंगवरून हे मिनिटभरात मोजता येते. यासाठी प्रत्येकाची उंची, पायाची आतली लांबी आणि वजन दुकानाला आधी कळवावे लागते. आपल्या फॉर्ममध्ये टी-शर्टचे माप विचारले आहे, हे तिन्ही विचारलेले नाहीत.

एक बाब आपल्या कार्यालयात कोणालाच माहीत नव्हती. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये भाड्याच्या सायकलींना तो सहसा डाव्या हाताला असतो. घाबरल्यावर हात सवयीनेच चालतो. मागचा समजून डावा ब्रेक करकचून दाबला की तीव्र उतारावर पुढचे चाक अडते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हायड्रॉलिक ब्रेकची बाजू बदलायची तर होज (तेलाच्या नळ्या) लिव्हरपासून सोडून अदलाबदल करावे लागतात, नवे ऑलिव्ह आणि इन्सर्ट (नळीच्या जोडातले छोटे भाग) घालून ब्लीड करावे, म्हणजे आतली हवा काढावी लागते. आठ सायकलींचे हे काम दुकानदार ऐन सकाळी करून देणार नाही. त्याला आधी लेखी कळवणे ही सहल आखणाऱ्याची जबाबदारी आहे.

विम्याची पॉलिसी आम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचली. व्हिसासाठी लागणारे किमान 30,000 युरोचे संरक्षण तिच्यात आहे, पण अपवादांच्या यादीत ‘साहसी खेळ’ आहेत आणि डोंगरातल्या शोध-बचावाचा उल्लेखच नाही. म्हणजे ज्या कामासाठी जायचे तेवढेच वगळून बाकी सगळ्याचा विमा काढला आहे. स्वित्झर्लंडच्या बाजूला हेलिकॉप्टर बोलावले तर त्याचे बिल जखमी माणसाच्या नावाने येते. फ्रान्समध्ये डोंगरातला सरकारी बचाव बहुधा मोफत असतो, तरी बाइक पार्कच्या हद्दीतून खाली आणण्याचे आणि रुग्णवाहिकेचे पैसे लागतात. पॉलिसीत लिफ्टच्या साहाय्याने केलेले माउंटन बाइकिंग नाव घेऊन लिहिलेले हवे; नुसता ‘सायकलिंग’ हा शब्द दाव्याच्या वेळी अपुरा पडतो. आपत्कालीन संपर्क म्हणून कार्यक्रमपत्रिकेत फक्त पुण्याचा नंबर आहे. तिथे 112 (दोन्ही देश), 15 (फ्रान्स) आणि 144 (स्वित्झर्लंड) हे तीन नंबर छापलेले हवेत.

व्हिसाचा अर्ज आपण फ्रान्सकडे करणार आहात, पण नव्या कार्यक्रमात दोन्ही देशांतले मुक्काम समसमान झाले आहेत. मुक्काम सारखे असतील तर अर्ज पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे करावा लागतो, आणि आपले विमान जिनिव्हाला म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये उतरते. या एका चुकीवर आठही अर्ज अडकू शकतात.

जिनिव्हा ते मॉर्झिन प्रवासासाठी ठेवलेल्या नऊ आसनी गाडीत आठ माणसे आणि सगळ्यांचे सायकलिंगचे सामान मावणार नाही. मोठी गाडी किंवा सामानाचा ट्रेलर हवा.

आमची मागणी अशी: सहल जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पूर्ण पोर्त द्यू सोलेई पासासह, वर लिहिलेल्या प्रकारच्या सायकली आणि विम्यासह घडवावी, आणि सायकलींच्या दुकानाची लेखी पोच आम्हाला पाठवावी. ते जमणार नसेल तर कोणतीही कपात न करता पूर्ण रक्कम परत करावी. छापील करार आपण मोडला आहे, त्यामुळे रद्द करण्याचे शुल्क आम्हाला लागू होत नाही. पावतीत दाखवलेल्या टीसीएसचे (आपण आमच्याकडून गोळा केलेल्या आयकराचे) प्रमाणपत्र अद्याप मिळालेले नाही. तेही द्यावे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांवरून आम्ही पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तोपर्यंत दुसरा हप्ता भरला जाणार नाही. फोनवरील आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

आपले,
नोंदणी केलेले आठही प्रवासी, पुणे

सोबत: माहितीपत्रक, अंतिम कार्यक्रम, पैसे भरल्याची पावती, विमा पॉलिसीतील अपवादांचे पान