मावशी, तुमच्या त्या तीन अध्यायांबद्दल

आदरणीय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून आज चार लोकांत लिहिते आहे.

आईला जाऊन महिना झाला होता. चर्चच्या मंडळीतले सगळे येऊन, प्रार्थना करून आपापल्या कामाला लागले होते. तुम्ही मात्र रोज सकाळी सहाला येऊ लागलात. पहिल्याच दिवशी मी डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट पडेल ते वचन वाचायला लागले. तुम्ही माझा हात धरलात. "अगं, ही काय चिठ्ठी काढायची आहे? घरून पत्र आलं तर मधलीच एक ओळ वाचून ठेवून देशील का?"

मग तुमचा हिशेब सुरू झाला. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, वर्षात एकदा पूर्ण. उत्पत्ती, निर्गम भराभर गेलं. गणनामधल्या याद्यांपाशी मी कंटाळले. तुम्ही ओळीखाली बोट सरकवत एकेक नाव वाचलंत. म्हणालात, "देवाने नावानिशी मोजलेली माणसं आहेत ही, आपण कशाला गाळायची?"

केडगावच्या, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची गोष्टही तेव्हाच सांगितलीत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. १९२२मध्ये त्या गेल्या, पण त्याआधी भाषांतर हातावेगळं करून. तुमच्या आजीने तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. आपल्या भाषेतलं हे पुस्तक कपाटात नुसतं पडून राहिलं की तुम्हाला का लागतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पण मुख्य आभार ८८व्या स्तोत्राचे आहेत. तोवर पावसाळा लागला होता, तुमचं येणं थांबलं होतं, मी एकटीच वाचत होते. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटाला आशेकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात ते वचन कधी छापलेलं मी पाहिलं नाही, आणि मी स्वतःहून ते कधीच निवडलं नसतं. क्रमाने वाचत होते म्हणूनच समोर आलं. तो माणूस रडतोय, पण "माझ्या उद्धारक देवा" अशी हाक मारूनच रडतोय. आई गेल्यापासून मंडळीत मी हसतमुख राहायची धडपड करत होते, कारण विश्वासणाऱ्याने असं खचू नये असं मला वाटायचं. त्या सकाळी मी पुस्तकावर डोकं ठेवून पोटभर रडले, आणि पहिल्यांदाच देवापासून काही लपवलं नाही.

मनाला येईल तेव्हा आवडीचं वाचलं असतं, तर मी २३व्या स्तोत्रापुढे गेलेच नसते. बिरुया गावचे लोक दररोज शास्त्रात शोध करायचे असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्यातला 'दररोज' हा शब्द मला तुमच्यामुळे कळला.

आता तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाचायला मनाई आहे. सहाला फोन मी लावते. काल विलापगीत संपवताना माझी एक ओळ सुटली, तर पलीकडून लगेच "मागे जा" असा आवाज आला. गेले मागे.

उद्या यहेज्केल सुरू करू. गोळ्या घेऊन तयार राहा.

तुमचीच,
शेजारच्या गल्लीतली लेक