संत्र्यावरचा शिक्का

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पटकथा दोनदा वाचली. जोडपं झकास उभं राहिलंय, पण दोघं फार बोलतात. आपण का चिडलोय हे एकमेकांना समजावून सांगतात! पुढचा खर्डा लिहिण्याआधी १९३७ चा ‘द ऑफुल ट्रूथ’, घटस्फोट घ्यायला निघालेल्या नवराबायकोचा तो हॉलीवूडचा विनोदी सिनेमा, पुन्हा बघ, आणि या खेपेला आवाज बंद करून.

सुरुवातीची संत्री घे. जेरीला (कॅरी ग्रँट) फ्लोरिडाला जाऊन आल्याचं भासवायचंय. म्हणून तो दिव्याखाली अंग रापवून घेतो आणि संत्र्यांची करंडी घरी आणतो. ल्यूसी (आयरीन डन) एक संत्रं उचलते, तर त्यावर शिक्का कॅलिफोर्नियाचा. मोटार बंद पडली म्हणून तीही गाण्याच्या मास्तरांबरोबर रात्रभर बाहेर होती. जेरी फ्लोरिडाच्या नावाखाली कुठे होता, ते कधीच कळत नाही. १९३४ पासून हॉलीवूडची सिनेमांसाठीची आचारसंहिता कडक झालेली, त्यामुळे असलं काही उघड दाखवायची सोय नव्हती. दिग्दर्शक लिओ मॅकॅरीने ते ओझं वस्तूंवर टाकलं.

टोपीचा प्रसंग तर थांबवून थांबवून बघ. मास्तर आतल्या खोलीत लपलेत, टोपी बाहेरच राहिलीय, समोर जेरी. ल्यूसी टोपी दडवते आणि कुत्रा, मिस्टर स्मिथ, इमानेइतबारे ती शोधून आणतो. त्याला वाटतं, खेळच चाललाय. जेरी चुकून तीच टोपी डोक्यावर चढवतो, ती कानांवर येते. टोपी दुसऱ्याची आहे, हे सांगायला एक शब्द लागत नाही. हे जमतं, कारण कुत्रा आयत्या वेळी आणलेला नाही. तो कुणाकडे राहणार यावरून कोर्टात आधीच भांडण झालंय आणि ल्यूसीने हळूच खेळणं दाखवून त्याला आपल्याकडे ओढलंय. तुझं मांजर साठाव्या पानावर उगवतं. ते पहिल्या दहा पानांत आण.

मॅकॅरी सेटवर बरंचसं आयत्या वेळी सुचवायचा. ग्रँट इतका वैतागला की सिनेमा सोडायला निघाला होता. ऑस्कर मात्र मॅकॅरीला मिळालं. तू एवढ्यावरून लेखन सैल सोडू नकोस हं. मोकळेपणा प्रसंगाच्या आत आहे, बाहेरची चौकट घट्ट आहे: घटस्फोट ९० दिवसांनी पक्का होणार, शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला. म्हणून शेवटी दोघांच्या खोल्यांमधलं ते वाऱ्याने उघडणारं दारही आपण जीव मुठीत धरून बघतो.

तुझी गोष्ट पुण्यात घडते, तेव्हा ९० दिवस चालणार नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे परस्पर संमतीचा पहिला अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. दुसरी पायरी, म्हणजे दोघांनी मिळून पुन्हा कोर्टाकडे मागणी करणं, अठरा महिन्यांच्या आत. शिवाय २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते सहा महिने माफ होऊ शकतात. ही सवलत कुणी मागितली नाही, हे एका वाक्यात दाखव, नाहीतर कुठलाही वकील थेटरात हसेल, आणि तेही नको त्या जागी. त्या मुदतीत दोघांपैकी एकाने जरी संमती मागे घेतली तरी अर्ज बारगळतो. तुझा शेवट तिथेच दडलाय. आत्ता तू तो विमानतळावर नेलायस.

कोर्टाचा प्रसंग आधी लिही आणि तेवढाच पाठव.

तुझी,
आई