चेतकची गळती पकडणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आभार मानायला लागलो, तर तुम्ही पुढच्या गाडीचं चाक खोलायला बसलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण आमची अख्खी चाळ तुमचं देणं लागते.

आमच्या जुन्या बजाज चेतक स्कूटरमधून रात्री पेट्रोल गळायचं. आणि लालबागच्या आमच्या चाळीत गाडी लावायला जागा एकच, जिन्याखाली. तिथेच सगळ्या बिऱ्हाडांचे विजेचे मीटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, आणि जिन्याखाली वारा तो कसला! तळमजल्यावरच्या आजींनी संध्याकाळी दारात दिवा लावणंच सोडून दिलं होतं. ‘भंगारात घाला’ हे तर रोजचंच झालं होतं. बाबांनी नंबर लावून, वाट पाहून १९८८ साली घेतलेली चेतक. भंगारात कशी घालणार?

तुमच्याआधी एका गॅरेजात पाइप आणि क्लिपा बदलून झाल्या होत्या. वास तसाच. मग नवा कार्बोरेटर घ्या म्हणाले. तुम्ही मात्र पान्याला हात लावण्याआधी विचारलंत, “रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करता ना? आणि सकाळी प्लग ओला असतो?” दोन्हीला हो म्हटल्यावर तुम्ही नुसतं “हं” केलंत.

मग जे केलंत ते इथे मुद्दाम लिहितो. जुनी स्कूटर सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. आधी सगळं फडक्याने कोरडं केलंत. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. गळालेलं पेट्रोल उडून जातं, पण ते ऑइल मागे राहतं, आणि त्याचा चिकट डाग खाली कितीही पसरला तरी तुम्ही बोट ठेवलंत ते सगळ्यात वरच्या ओल्या जागेवर. ती होती कार्बोरेटरच्या डब्यात. इथवर आधीचं गॅरेजही पोचलं होतं. पण तुम्ही कॉक बंद ठेवून पाइप सोडवलात, त्याचं तोंड काचेच्या बाटलीत घातलंत आणि चहा मागवलात. चहा संपला तेव्हा बाटलीच्या तळाशी पेट्रोल होतं. म्हणजे कॉक बंद होतच नव्हता.

पुढे कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणारा फ्लोट कानाशी धरून हलवलात, तो शाबूत निघाला. वाटी भरली की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई म्हणजे निडल, तिच्या टोकावर मात्र नख फिरवताच गोल खाच लागली. कॉक नीट बंद झाला असता तर रात्री निडलचा दोष कळलाच नसता. निडल धड असती तर कॉकमधून झिरपणारं पेट्रोल तिथेच अडलं असतं. दोन्ही एकदम गेले, म्हणून रात्रभर फ्लोटची वाटी भरून वाहायची. थोडं जमिनीवर, थोडं थेट इंजिनच्या पोटात, क्रँककेसमध्ये. सकाळी कितीही किका मारा, चालू होणार कशी?

चेतकचा कॉक काढणं म्हणजे एक दिव्यच, त्याचा नट टाकीच्या आत. तुम्ही लांब टी-पाना टाकीच्या तोंडातून घालून तो न बघता, नुसत्या हाताच्या अंदाजाने फिरवलात. त्याआधी टाकी रिकामी करताना विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ज्या शब्दांत रस्त्यापलीकडे धाडलंत, ते इथे लिहीत नाही.

कॉकमधलं रबर फुगून चिरलं होतं. आता पंपावर २०% इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, असं तुम्ही म्हणालात. कॉक नवा, निडल नवी, पाइपच्या जोडाचे वॉशर नवे. पाइप नुकताच बदललेला म्हणून तोच ठेवलात, कार्बोरेटरही जुनाच. प्लग काढून, किका मारून आत साचलेलं पेट्रोल बाहेर काढलंत. मजुरी मात्र इतकी कमी सांगितलीत की मलाच संकोच वाटला. पुढच्या वेळी भाव मी ठरवणार, सांगून ठेवतो.

गाडी आता दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. वास गेलाय. आजींचा दिवा पुन्हा लागतो, पण गाडी त्यांच्या दारापासून हातभर लांब लावायची अट घातलीय त्यांनी. सेक्रेटरींना अजून खात्री नाही. रोज सकाळी वाकून फरशी बघतात.

टाकीच्या तळाला गंज दिसला, पावसाळा संपला की आतून धुवून घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. दसरा झाला की घेऊन येतो. टाकी रिकामी करूनच आणेन, म्हणजे तुम्हाला कुणावर ओरडावं लागणार नाही.

आपला,
चेतकवाला