विधिमंडळातल्या सहायकांची भरती वेळेवर आणि उघडपणे व्हावी

मा. संपादक,
स.न.

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर घोषणा, सभात्याग आणि पायऱ्यांवरचं आंदोलन एवढंच दिसतं. पण सभागृहात येणारा जवळपास प्रत्येक कागद आधी विधिमंडळ सचिवालयातल्या कुणातरी सहायकाच्या हाताखालून गेलेला असतो, याबद्दल कुणी बोलतच नाही. आमदारांनी तारांकित प्रश्न (म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो) दिला की तो नियमात बसतो का, विषय कोर्टात आहे का, हाच प्रश्न आधी येऊन गेलाय का, हे सगळं तपासून टिपणी वर पाठवायची, मग खात्याकडे पाठवायचा, उत्तर आलं नाही तर मागे लागायचं, तेव्हा कुठे तो यादीत छापून येतो. आणि मंत्री बोलता बोलता ‘चौकशी करून कारवाई करू’ म्हणाले की ते वाक्य कार्यवृत्तातून शोधून आश्वासन म्हणून नोंदवायचं कामही सचिवालयाचंच. ते एक वाक्य नजरेतून सुटलं तर मंत्र्यांनी दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणारी आश्वासन समिती पुढे विचारणार तरी काय?

म्हणूनच हा स्टाफ सरकारचा नाही, सभागृहाचा हवा. इंग्रजांच्या काळात केंद्रीय असेंब्लीचा स्टाफ सरकारी खात्यातलाच होता, म्हणजे ज्यांना जाब विचारायचा त्यांचीच माणसं प्रश्न तपासणार! अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी हा मुद्दा लावून धरला, १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंनी ठराव मांडला आणि जानेवारी १९२९ मध्ये असेंब्लीचं स्वतःचं वेगळं खातं झालं. आज घटनेच्या कलम १८७ मध्ये राज्यांच्या विधिमंडळासाठी वेगळ्या स्टाफची तरतूद आहे, आणि त्यांच्या भरतीचा, सेवाशर्तींचा कायदा करायचा अधिकारही विधिमंडळालाच आहे.

विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ आमदार, त्यात हिवाळी अधिवेशनाला फायलींसकट सगळा पसारा नागपूरला हलवायचा, एवढं काम अपुऱ्या किंवा कंत्राटी माणसांवर ढकलणं बरोबर नाही. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेला पोरगा किंवा पोरगी मंत्र्यांना अडचणीत आणणाऱ्या प्रश्नावर ‘नियमात बसतो’ असं बेधडक लिहील का? त्याला दोष देता येणार नाही, नोकरी त्याचीच जाणार.

तेव्हा पद रिकामं होण्याआधीच जाहिरात निघावी, लेखी परीक्षा व्हावी, मार्कांसकट यादी वेबसाइटवर लागावी, आणि नव्या माणसाला थेट अधिवेशनाच्या धामधुमीत न ढकलता आधी प्रश्न शाखेत आणि समिती शाखेत काही महिने जुन्या माणसांच्या हाताखाली काम शिकू द्यावं.

आपला,
एक वाचक, नागपूर